पातूरच्या लेण्यातला चुना

कापसाला सोन्याचा भाव आला, त्या साली आम्ही पातूरच्या लेण्यातही कापूस भरला होता. सरकारी साहेब लेणं पाहायला येणार म्हणताच आईनं ते रिकामं करून भिंतींना चुना दिला. "पाहुणा येऊन राहिला, असं कळकट ठेवाव का?"

दगडावरची जुनी अक्षरं चुन्याखाली गेली. साहेब संतापला, मीही आईवर खेकसलो. ती ओल्या कापसाचा बोळा घेऊन, लेकराचं तोंड पुसावं तसं एकेक अक्षर पुसत बसली. दिवस मावळेपर्यंत अक्षरं उघडी झाली.

मग साहेबाच्या कारकुनानं हुकूम वाचून दाखवला: यापुढे लेण्याला कोणीही हात लावायचा नाही.

आईनं विचारलं, "मंग याले पुसन कोन?"