वाशिंदच्या शेडमधलं लोहचुंबक

वाशिंदच्या एका शेडमध्ये आम्ही गावच्या बायका जुने, बंद पडलेले कॉम्प्युटर खोलतो. त्यांच्या हार्डडिस्कच्या पोटात एक चकचकीत लोहचुंबक असतं. एवढंसं, पण तसली दोन जवळ आली तर मध्ये सापडलेल्या बोटाचं काही खरं नाही. त्यात दुर्मीळ खनिजं असतात. परदेशाने ती पाठवायची बंद केली तर आपल्या सैन्याची क्षेपणास्त्रं अडतील, म्हणून भंगारातूनच ती परत मिळवायची, असं सुपरवायझरने पहिल्या दिवशी सांगितलं. मी ते गावभर सांगितलं. मला काय, बोलायला निमित्तच हवं.

आता आमच्याकडे बाईच्या बांगडीत सेफ्टी पिना अडकवलेल्या असतातच. पदराला लागतात, काटा काढायला लागतात. माझ्या सुनेच्याही होत्या. एका दुपारी लोहचुंबकाने त्या पिना ओढल्या, पिनांबरोबर हात गेला आणि दोन लोहचुंबकांमध्ये तिचं बोट चेंगरलं. नख काळंनिळं झालं.

सुपरवायझर म्हणाला, "मावशी, उद्यापासून बायका बंद. देशाचं काम आहे, इथे पुरुषच ठेवतो."

"देशाचं हाय म्हणून तर आमी करतो. देश काय तुझ्या एकट्याचा हाय?"

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळ्या हजर. पिना घरी काढून ठेवल्या होत्या, पदर भातलावणीला खोचतो तसे कमरेला घट्ट खोचलेले. सून बोटाला चिंधी बांधून सगळ्यांच्या पुढे.

"काय मावशी, भात लावायला आलात काय?"

"हो रे. चिखलात दिवसभर ओणवं राहून सुटत नाय हा पदर, तुझ्या टेबलावर सुटतो काय?"

बायका फिदीफिदी हसल्या. तो वरमला. म्हणाला, "बरं, बसा. पण बोट चेंगरलं तर माझ्याकडे यायचं नाही."

हे मात्र मला झोंबलं. मी टेबलाशी बसले, पण हात मांडीवरच ठेवले. बाकीच्यांनीही तसंच केलं.

"हातमोजे आण. तवर एक पण लोहचुंबक नाय काढनार."

"सैन्याचा माल अडवता?"

"सैन्याला बूट देतात ना? मंग आमाला मोजे दे."

त्याने रागारागात फोन लावले. दुपारी मोजे आले, जाडजूड, पुरुषांच्या मापाचे. सुनेने घातले तर मोज्यांच्या बोटांची टोकं रिकामीच लोंबायला लागली.

"चालतील आई, भागवू," ती हळूच म्हणाली.

"नाय चालनार." मी मोजे गोळा करून त्याच्या हातात दिले. "बाईच्या मापाचे आण. आमी बसलोय."