सादळू नये म्हणून

ओलाव्याशी उभा दावा मांडणारा माणूस कोकणात सापडला असता तर मी समजून घेतलं असतं. पण माझे मामा राहतात दुष्काळी वडूजला, जिथं लोक ढगाकडे हात जोडून बघतात. ढग आला की सगळं गाव अंगणात येतं आणि मामा आत पळतात, डब्यांची झाकणं तपासायला. फौजेत आसामच्या बाजूला स्टोअर सांभाळताना त्यांनी नवेकोरे बूट बुरसटलेले पाहिले होते म्हणे. तेव्हापासून चपलांच्या खोक्यात, गोळ्यांच्या बाटलीत निघणारी ती ओल शोषणारी पांढरी पुडी म्हणजे त्यांचं दैवत. विट्याच्या चपलांच्या दुकानात जाऊन ते चपला न घेता नुसत्या पुड्या मागून आणत. रेशनकार्डात पुडी, बॅटरीच्या डब्यात पुडी, कानाच्या मशीनच्या डबीत पुडी. एकदा तर माझ्या सदऱ्याच्या खिशात निघाली. विचारलं तर म्हणाले, "घाम लय येतोय तुला."

काही पुड्यांतले मणी निळे असतात. ओल पिऊन ते गुलाबी झाले की मामा तव्यावर गरम करून पुन्हा निळे करत. माझं लग्न जमवायला होणारे सासरे मामांकडे आले, त्या दिवशी असेच मणी ताटलीत निवत ठेवलेले. जेवण झाल्यावर सासऱ्यांनी बडीशेपेच्या गोळ्या समजून चिमूटभर तोंडात टाकले. "आवं थुका, थुका! खायचं न्हाई त्ये!" ओरडत मामांनी त्यांच्या तोंडात सरळ बोट घातलं. लग्न झालं खरं, पण सासरे अजून आमच्याकडे बडीशेप घेत नाहीत.

मामी होती तेव्हा म्हणायची, "ह्यो मानूस आतनं-भाईरनं कोरडा." मला ते पटायचं. चार वर्षांपूर्वी तिला पोहोचवून आलो, तेव्हाही मामांच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं.

गेल्या श्रावणात डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मामा चार दिवस साताऱ्याला राहिले आणि घर माझ्यावर आलं. फळीवरचा एक डबा मी सहज उघडला. आत कुरडया आणि त्यांच्यात जागोजाग पुड्या. तेवढ्यात फोन वाजला, मी बाहेर गेलो आणि झाकण विसरलो ते विसरलोच. चारही दिवस झिमझिम होती.

मामा आले ते काळ्या चष्म्यानिशी थेट डब्यापाशी गेले. एक कुरडई मोडायला घेतली. ती मोडली नाही, नुसती वाकली.

"सादळली," म्हणाले आणि डबा घेऊन खाली बसले. "तुज्या मामीनं शेवटच्या उन्हाळ्यात घातलेल्या."

चार वर्षं या माणसानं त्यातली एकही कुरडई तळली नव्हती, आणि मी त्याच्या पुड्यांना हसत होतो! स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

"मामा, ऊन पडलं की वाळवू," मी कसंबसं म्हणालो.

"ऱ्हाऊ दे रं. ठिवून ठिवून कवातरी सादळायच्याच." त्यांनी स्वतः कढई ठेवली. कुरडया काही नीट फुलल्या नाहीत. पहिली माझ्या ताटात घालत म्हणाले, "खा. पुन्यांदा मिळायच्या न्हाईत." चष्म्याखालून पाणी गालावर आलं होतं. डॉक्टरांनी डोळ्याला पाणी लावू नका म्हणून बजावलं होतं, पण ते सांगायचं धाडस मला झालं नाही.

परवा मी नवे बूट घेतले आणि खोक्यातली पुडी सवयीनं मामांकडे नेली. त्यांनी ती तळहातावर घेऊन थोडा वेळ पाहिली आणि माझ्याच खिशात घातली.

"तुजं काय ठिवायचं असंल त्यात टाक," म्हणाले. "माजं खाऊन झालं."