अकराचा चहा आणि लाल गोळी

नायगावच्या बीडीडी चाळीत नम्रता घाडीला नावाने ओळखणारे थोडे. बाकीच्यांना ती 'गोळीवाल्या ताई'. बावीस वर्षं ती महापालिकेची आरोग्यसेविका म्हणून हे जिने चढत-उतरत होती, आणि कुठल्या खोलीतल्या बाईचं काय वय, काय चाललंय, हे सगळं तिला पिशवीतल्या गोळ्यांवरून आठवायचं. शाळेतल्या पोरींची निळी गोळी, आठवड्यातून एकदा. नुकतेच दिवस गेलेल्या सुनेला फॉलिक अॅसिड. चौथ्या महिन्यापासून लाल, लोहाची, आणि जोडीला पांढरी, कॅल्शियमची. बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत दोन्हींतून सुटका नाही. मग पन्नाशी आली, बाई गुडघ्यावर हात ठेवून जिना चढायला लागली, की पुन्हा पांढरी, आणि वर सल्ला: सकाळी गच्चीवर उन्हात बसा, डी व्हिटॅमिन फुकट मिळतंय.

लाल आणि पांढरी एकत्र का घ्यायची नाही, हे ती एका वाक्यात सांगायची. "सवती आहेत त्या. एका वेळी एका घरात नांदत नाहीत. लाल सकाळी, पांढरी रात्री जेवल्यावर." बाया हसायच्या, आणि हसलेलं त्यांच्या लक्षात राहायचं.

पण लक्षात राहणं वेगळं आणि गोळी पोटात जाणं वेगळं. लाल गोळीने मळमळतं, आणि पोर काळं निपजेल असं सांगणारी शेजारीण प्रत्येक मजल्यावर एक तरी असतेच. एकदा दुसऱ्या मजल्यावर तेलाच्या डब्यात लावलेला मोगरा नको इतका फुलायला लागला. नम्रताला शंका आली. तिने माती उकरली तर खाली महिनाभराच्या लाल गोळ्या निघाल्या. तेव्हापासून तिने नियम केला, की जिचं रक्त फार कमी, तिने गोळी माझ्यासमोर गिळायची. रविवार सोडून रोज.

या नियमात सध्या होती तिसऱ्या मजल्यावरची अक्षदा तांबे. पहिलटकरीण, पाचवा महिना, हिमोग्लोबिन सात पॉइंट नऊ. नम्रता रोज अकराला तिच्या दारात उभी राहायची. अक्षदाची सासू रमाबाई तोवर चहा ठेवून तयार असायच्या.

हा चहा साधा नव्हता. बावीस वर्षांपूर्वी, कामाच्या पहिल्याच दिवशी, नम्रता या खोलीत आली तेव्हा रमाबाईंनी तिच्यापुढे कप ठेवला आणि हात कमरेवर ठेवून बघत उभ्या राहिल्या. पूर्वीच्या एक बाई यायच्या, त्यांचा म्हणे कायम उपास असायचा. नम्रताने कप उचलला आणि चहा संपवला. रमाबाईंचे हात खाली आले. त्या दिवसापासून ती मजल्यावरच्या बौद्ध घरांची आपली झाली.

आता खरं ते सांगायला हवं. त्याच दिवशी सकाळी नम्रताच्या सासूने, गंगुबाईंनी, तिच्या पिशवीत पाण्याची बाटली सरकवली होती. "च्याय चलता गो, ती इस्तवावर उकळलेली. पाणी मातर घरसून घेवन जा." नवी सून, नवी नोकरी, नम्रता बाटली घेऊन निघाली. गंगुबाई पुढे देवाघरी गेल्या. बाटली मात्र पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात तशीच राहिली, आणि ती का आहे हे नम्रता विसरूनही गेली. निदान तिला तसं वाटायचं.

दोन महिने अक्षदाने नम्रतासमोर गोळी गिळली. एक दिवस चुकला नाही. मग पुन्हा रक्त तपासलं. सात पॉइंट आठ.

दवाखान्यातल्या डॉक्टर इरावती वयाने नम्रताच्या मुलीएवढ्या. त्यांनी कागद पुढे सरकवला. "ताई, ही गोळ्या घेत नाहीये."

"घेते मॅडम. माझ्या डोळ्यांदेखत घेते."

"कशाबरोबर?"

उत्तर नम्रताला पाठ होतं. गोळीच्या आधी तासभर आणि नंतर तासभर चहा नाही, चहा लोह अंगी लागू देत नाही, हे वाक्य तिने चाळीच्या मीटिंगांत हजारदा तरी म्हटलं असेल.

आणि हे विसरल्यामुळे झालं असतं तरी चाललं असतं. ती विसरली नव्हती. पहिल्याच दिवशी अक्षदाने गोळी तोंडात टाकून वर चहाचा घोट घेतला, तेव्हा नम्रताने तोंड उघडलं होतं. तेवढ्यात रमाबाई हसून म्हणाल्या, "आमच्या घरचा चहा नको म्हणणाऱ्या लय बघितल्या गो. तू काय त्यातली नाहीस." नम्रताने तोंड मिटलं. उद्या सांगू म्हणाली. उद्याचं परवा झालं, आणि मग इतके दिवस गेले की सांगायचीच लाज वाटायला लागली. दिव्याखाली अंधार म्हणतात, पण इथे दिवाच डोळे मिटून बसला होता.

"रक्त असंच राहिलं तर बाळंतपणात धोका आहे," डॉक्टर म्हणाल्या. "थोडा जरी जास्त रक्तस्राव झाला तरी ही पोरगी सोसू शकणार नाही."

दुसऱ्या दिवशी अकराला नम्रता तिसऱ्या मजल्यावर पोहोचली. रमाबाईंनी आधण ठेवलं होतं. अक्षदा खाटेवर बसून गोळीचं पाकीट चाळवत होती.

"मावशी, आज चहा नको," नम्रता उंबऱ्यातूनच म्हणाली. "मला नको, आणि अक्षदालाही नको."

रमाबाईंनी गॅस बंद केला. त्यांचे हात पुन्हा कमरेवर गेले. "बावीस वर्षांनी आठवण झाली होय गो तुला?"

कशाची, हे विचारायची नम्रताला गरज नव्हती. तिने आत येऊन सगळं सांगून टाकलं. चहाने गोळी वाया जाते, हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, रमाबाईंना वाईट वाटेल म्हणून ती गप्प बसली, आणि दोन महिन्यांच्या गोळ्या पाण्यात गेल्या. अक्षदा घाबरून सासूकडे बघायला लागली. तिचा एक हात आपोआप पोटावर गेला होता.

"माझं मन जपलंस," रमाबाई सावकाश म्हणाल्या, "आणि माझ्या सुनेचं रक्त नाय जपलंस."

"हो मावशी."

रमाबाई खाटेच्या कडेवर टेकल्या.

"तुझ्या आधीची बाई होती ना, उपासवाली, ती गोळ्या उंबऱ्यावर ठेवून जायची. मी आणि माझ्या जावा त्या मोरीत ओतायचो. जिला आमच्या घरचं काय चालत नाय, तिचं औषध आम्हाला कसं चालंल? माझ्या दुसऱ्या खेपेला अंगात रक्तच नव्हतं. पोर एक दिवस जगली." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "तू चहा प्यायलीस, म्हणून तुझी गोळी या घरात शिरली. तेव्हा चहा वाईट, असं माझ्यापुढे म्हणू नको."

रमाबाईंनी अक्षदाच्या हातातल्या पाकिटाकडे बोट केलं.

"चहाबरोबर नाय, मग कशाबरोबर घ्यायची?"

"पाण्याबरोबर. लिंबू पिळलं तर जास्त चांगलं."

रमाबाई उठल्या. माठातून दोन पेले भरले. एक अक्षदाच्या हातात दिला, दुसरा नम्रतासमोर धरला.

"बावीस वर्षं चहा पितेस. पाणी कधी मागितलं नाहीस. तुझी बाटली दिसते गो मला."

नम्रताच्या तोंडाशी आलं, की ती आता नुसती सवय आहे, मनात काही नाही. पण रमाबाई तिच्याकडे बघत होत्या, पहिल्या दिवशी बघितलं होतं तशाच, आणि त्या नजरेपुढे खोटं बोलवेना. तिने पेला घेतला आणि तळापर्यंत प्यायला. थंड पाणी होतं, दुसरं काही नव्हतं. शेजारी अक्षदाने गोळी गिळली.

दीड महिन्याने एका दुपारी कागद आला: नऊ पॉइंट सहा. नम्रता दोन-दोन पायऱ्या टाकत तिसऱ्या मजल्यावर पोहोचली आणि दारातच धापा टाकत आकडा ओरडली. अक्षदाने तिचा हात घट्ट धरला.

"पुरे काय एवढं?" रमाबाईंनी विचारलं.

"अजून वाढायला हवं, गोळ्या चालूच ठेवायच्या. पण डॉक्टरांची मोठी काळजी मिटली."

रमाबाईंनी घड्याळाकडे पाहिलं. अकराची गोळी नम्रतासमोर घेऊन तास उलटून गेला होता. "आता चालंल ना?" असं म्हणत त्या चहाचं भांडं घ्यायला वळल्या.

"चालेल," नम्रता खाटेवर बसत म्हणाली. "पण मावशी, आधी पाणी द्या."