पांढरीतल्या चुली

"लायनीत या. भट्टी कुणाच्या बापाची नाय. माझ्याबी नाय."

फारूखचाचांचं हे बोलणं ऐकलं नाही असा माणूस पिशोरमध्ये सापडायचा नाही. सरपंचाची बायको डबा घेऊन पुढं घुसली तरी हेच, आणि त्यांची स्वतःची सून मागच्या दारानं पत्रा सरकवू लागली तरी हेच. आवाज चढवायचे नाहीत. लांब दांड्याचं लाकडी फावडं भट्टीच्या तोंडात तसंच धरून, मान न वळवता बोलायचे. आणि माणूस गुमान मागं जाऊन उभा राहायचा.

भट्टी त्यांच्या आज्यानं बांधलेली, निजामाच्या काळातली. एरवी तिच्यात पाव, टोस्ट, खारी. पण दिवाळीच्या आणि ईदेच्या आधी ती सगळ्या गावाची होते. बायका घरून मैदा, पिठीसाखर, तूप घेऊन येतात, भट्टीच्या ओट्यावर बसून पीठ मळतात, नानकटाया वळतात आणि पत्र्यावर मांडतात. चाचा त्या भाजून देतात आणि भाजणावळ तेवढी घेतात.

आत एकावेळी पुष्कळ घरांचे पत्रे. जाळ सगळीकडं सारखा लागावा म्हणून ते मागंपुढं सरकवावे लागतात. मग बाहेर आल्यावर कुणाचा कोणता हे कळायचं कसं? तर खुणेवरून. प्रत्येक घर आपल्या नानकटाईवर आपली खूण उठवतं. कुणी किल्लीचं टोक दाबतं, कुणी दोऱ्याचं रीळ, कुणी फुटक्या बांगडीचा तुकडा. खूण सासूकडून सुनेकडं येते. कुठं लिहिलेली नाही, पण एकीनं दुसरीची घेतल्याचं कधी घडलं नव्हतं.

घडलं ते दमयंतीच्या घरात.

दमयंती भट्टीच्या समोरच्या घरातली थोरली सून. तिच्या सासूकडं, आत्याबाईंकडं, कुंकवाचा पितळी करंडा होता आणि त्याच्या झाकणावर कमळाचं फूल कोरलेलं होतं. ते झाकण दाबलं की नानकटाईवर फूल उमटायचं. तीच त्या घराची खूण. सासूनं जाताना करंडा दमयंतीच्या हातात दिला होता. पुढं भावाभावांची वाटणी झाली. रान वाटलं, भांडी वाटली, एका घराची दोन दारं झाली, दोन चुली झाल्या. धाकट्या जावेनं, सुलेखानं, करंड्याबद्दल तोंडातून शब्द काढला नाही. पण दिवाळीच्या आधी ती शहरात गेली आणि गुलमंडीच्या बाजारातून तसाच करंडा, तसल्याच फुलाचा, शोधून घेऊन आली.

त्या वर्षी भट्टीत दोन पत्रे गेले, एकाच फुलाचे. चाचांनी खूण बघितली आणि पत्रे दिले. सुलेखाच्या घरच्या तुपातल्या नानकटाया दमयंतीच्या डब्यात गेल्या आणि दमयंतीच्या डालड्यातल्या सुलेखाच्या.

"तरीच म्हटलं ह्यांच्या घरात एकाएकी तुपाचा वास कसा!" सुलेखा सगळ्या लायनीदेखत म्हणाली.

"तूप घातलं म्हणून फूल तुझं होत नाय. फूल आत्याबाईंनी माझ्या हातात दिलंय," दमयंती म्हणाली.

"आत्याबाई तुमच्या एकटीच्या व्हत्या का?"

मग जे व्हायचं ते झालं. चाचांनी फावडं भिंतीला टेकवलं. त्यांनी फावडं हातातून सोडलेलं बायकांनी पहिल्यांदाच बघितलं.

"पुढच्या दिवाळीला एकच फूल आत जाईल," ते म्हणाले. "कुणाचं, ते तुमचं तुम्ही बघा. दोन आली तर दोन्ही बाहेर. माझ्या बापाच्या वख्तापासून ह्या भट्टीत कुणाचा माल कुणाकडं गेला नव्हता."

त्या दिवसापासून दोघी जावा एकमेकींशी बोलल्या नाहीत. मधली भिंत एक, पण एकीचं दार उघडलं की दुसरीचं लागायचं. वर्षभर दमयंतीच्या मनात एकच घोळत राहिलं. फूल सोडलं तर सासूनं दिलेली थोरलेपणाची खूण गेली. नाही सोडलं तर जाऊ गेली, आणि ती कायमचीच. सुलेखा या घरात आली तेव्हा दमयंतीनंच तिला पहिली नानकटाई वळायला शिकवली होती.

पाऊसकाळ सरताना भट्टीचा तळ खचला. पाणी कुठून मुरलं कळलं नाही, पण एका सकाळी मधल्या विटा खाली बसल्या होत्या. चाचांचा मुलगा झीशान वाळूजला कंपनीत असतो. तो फोनवर म्हणाला, "अब्बा, आता विजेचा ओव्हन घ्या. बटण दाबलं की काम."

"बटण दाबायला लाईन कोण लावंल?" चाचा म्हणाले आणि फोन बायकोकडं दिला.

तळाला माती लागणार होती. काळी माती जाळानं भेगाळते, पांढरी भेगाळत नाही. गावाबाहेर नदीच्या वळणावर एक टेकाड आहे, त्याला पांढरी म्हणतात. फार पूर्वी तिथं वस्ती होती, एवढंच गावाला ठाऊक. कुणाची, कधीची, कशानं उठली, हे सांगणारं कुणी उरलं नाही. राखाडी, पिठासारखी माती. घराच्या धाब्याच्या छतावर टाकायला, चुलीला लिंपायला गाव तिथूनच माती आणत आलं. भट्टी दुरुस्त करायची तर जिला भाजायचं असेल तिनं एक घमेलं माती आणायची, अशी जुनी रीत. चाचांनी निरोप दिला आणि सकाळी बायका घमेली घेऊन पांढरीवर गेल्या. दमयंती आली, सुट्टीवर आलेली तिची मुलगी हिमानीही आली. सुलेखाही आली आणि टेकाडाच्या दुसऱ्या अंगाला जाऊन उभी राहिली.

चाचा स्वतः कुदळ चालवत होते. दमा आहे, दर चार घावांना थांबत होते. एका घावाला कुदळीचा आवाज बदलला. त्यांनी कुदळ बाजूला ठेवली, गुडघ्यावर बसले आणि हातानं माती सारू लागले. खाली लाल माती लागली, विटेसारखी भाजलेली. तिच्यावर राखेचा थर, राखेवर माती, परत राख. ते सारत गेले तशी लाल कड वळत गेली. बायकाही बसल्या आणि पदरानं, हातानं माती झाडू लागल्या. ऊन चढेपर्यंत एक मोठं गोल उघडं पडलं. आत दोन माणसं मांडी घालून बसतील एवढं.

"भट्टी हाय," चाचा म्हणाले. आवाज एवढा बारीक की जवळ बसलेल्या दमयंतीलाच ऐकू गेला.

एका घराला एवढी भट्टी लागत नाही. हे तिथल्या कुठल्याच बाईला सांगावं लागलं नाही. आणि मग भोवतीनं छोट्या चुली सापडू लागल्या. एक, तिच्यापलीकडं दुसरी, पुढं आणखी एक. आपल्याच चुलीसारख्या, तीन बाजूंनी भिंत आणि एका बाजूनं तोंड. दमयंतीनं एकीच्या कडेवर हात ठेवला. लिंपताना ओढलेल्या बोटांचे ओरखडे अजून तसेच होते. तिनं आपली बोटं त्या ओरखड्यांत टेकवली. बसली. बाईचाच हात होता. तिनं हात झटकन मागं घेतला, जणू चूल अजून गरम होती.

"आई, हे किती जुनं असेल सांगता यायचं नाही," हिमानी हळू म्हणाली. "हजार वर्षं, दोन हजार, आणखी जास्तही. आमच्या कॉलेजात इतिहासाचे सर आहेत, त्यांना फोटो पाठवते. तोवर कुणी खणू नका."

चाचा राखेच्या थरांकडं बघत बसले होते. रानातल्या पाखरांचा तेवढा आवाज.

"बेटा," ते म्हणाले. कुणाला म्हणाले कळलं नाही. "पहिल्यांदा जाळ कुणी पेटवला, त्याचं मला नवल नाय. वीज पडली असंल, झाड पेटलं असंल. मला नवल त्या माणसाचं वाटतं, ज्यानं आपल्या जाळावर पहिल्यांदा दुसऱ्याची भाकर भाजू दिली. त्याला कुणी सांगितलं व्हतं? ना सरपंच, ना पोलीस, ना किताब. भुकेला माणूस दारात आला, आणि ह्यानं त्याला हाकललं नाय. बस. तितनं हे सगळं गाव सुरू झालं. आणि तो दुसरा, त्यानंबी आपला नंबर येईपर्यंत वाट बघितली. जबरीनं घेतली नाय. ती बी काय लहान गोष्ट हाय का?"

"म्हणजे लाईन तवापासूनच हाय म्हणा," एक जण म्हणाली. बायका हसल्या. चाचा हसले नाहीत.

"व्हय," ते म्हणाले. "तवापासूनच."

तेवढ्यात अनिसाचाची, चाचांची बायको, पलीकडून ओरडली, "अगं बायांनो, हितं या, गंमत बघा!"

टेकाडाच्या त्या अंगाला दोन चुली पाठीला पाठ लावून होत्या. मधली भिंत एकच. एकीचं तोंड उगवतीला, दुसरीचं मावळतीला. एक थोडी मोठी, जुनी, कड झिजलेली. दुसरी तिला मागून जोडलेली, तिच्याच भिंतीच्या आधारानं उभी केलेली.

"ह्याबी जावाच दिसत्यात," चाची म्हणाली. "भिंत एक अन् तोंडं दोन दिशांना!"

सगळ्या खळाळून हसल्या. दोघी तेवढ्या हसल्या नाहीत. दमयंतीनं मान वर केली तर सुलेखा समोरच उभी होती, चुलींच्या पलीकडं. ती दमयंतीकडं बघत नव्हती. मधल्या भिंतीकडं बघत होती.

दमयंतीही बघत राहिली. ह्याही घरात वाटणी झाली होती. चूल वेगळी झाली होती. कायकाय बोलणी झाली असतील, कोण रडलं असेल, कुणी कुणाच्या माहेराचा उद्धार केला असेल. ते सगळं गेलं, नावंसुद्धा गेली. उरल्या त्या चुली. आणि त्या जवळजवळच होत्या. वेगळं होऊन कुणी लांब गेलं नव्हतं. मोठ्या भट्टीच्या हाकेच्या टप्प्यात राहिलं होतं. अशा वेगळ्या झालेल्या चुली साठत गेल्या, त्यालाच गाव म्हणत असतील का? आजवर तिला वाटायचं, चूल वेगळी झाली की घर मोडतं.

चाचांनी त्या जागेवरचं ढेकूळही उचललं नाही. माती टेकाडाच्या पायथ्याची नेली. चुलींवर बाभळीच्या काटेरी फांद्या टाकल्या, गुरं शिरू नयेत म्हणून.

भट्टीचा तळ बांधून झाला. चाचांनी तो घाई न करता सुकवला, आधी काटक्यांचा जाळ, मग शेण्यांचा, मग लाकडाचा. आणि दिवाळीची लाईन लागली.

दमयंतीचा नंबर आला. नानकटाया पत्र्यावर मांडलेल्या होत्या, अजून कोऱ्या. सुलेखा तिच्या मागंच होती, पत्रा मांडून, फूल उठवून तयार. ओट्यावरच्या गप्पा थांबल्या. चाचा फावडं धरून उभे होते. गेल्या वर्षीचं त्यांचं बोलणं ते विसरले नव्हते, आणि तिथली कुणीच विसरली नव्हती.

दमयंतीनं करंड्याचं झाकण काढलं. पहिल्या नानकटाईवर दाबलं. फूल उमटलं. मग तिनं झाकण खाली ठेवलं आणि फुलाला लागून आपल्या बोटाचं टोक दाबलं. एक लहान खळगा पडला. दुसरीवर फूल आणि बोट. तिसरीवर फूल आणि बोट. घाई न करता सगळा पत्रा तिनं असा पुरा केला.

चाचा वाकले. बघितलं. "ही कुणाची खूण?"

"माझी," दमयंती म्हणाली. "नुसतं फूल तिच्याकडं राहू द्या. आत्याबाई दोघींच्याच व्हत्या. मी थोरली, मी एक बोट जास्त लावीन."

चाचांनी तिचा पत्रा फावड्यावर घेतला आणि आत सारला. मग सुलेखाचा घेतला आणि त्याच्याच शेजारी सारला.

सुलेखा आतल्या जाळाकडं बघत होती. तिचा चेहरा लाल दिसत होता, पण भट्टीसमोर सगळ्यांचाच दिसतो.

"जाऊबाई," ती म्हणाली. वर्षानं. "एवढ्या नानकटायांवर बोट दाबून दमला असाल. पुढच्या खेपेला मला हाक मारा."

"मारीन की. येताना तुझं तूप घेऊन ये."

अनिसाचाची आधी हसली आणि मग सगळा ओटा हसला. चाचा तेवढे मान न वळवता म्हणाले, "लायनीत या. पुढं कोण हाय?"

दुपार कलली तेव्हा हिमानी धावत आली. फोन हातातच होता. "चाचा, सरांचा निरोप आलाय. दिवाळी झाली की त्यांची माणसं चुली बघायला येणार आहेत. पण आभाळ बघा."

डोंगराकडून ढग उतरत होते, काळे, अवकाळी. चाचांनी एकदा ढगांकडं बघितलं, एकदा भट्टीमागच्या लाकडांच्या ढिगाकडं. ढिगावर ताडपत्री होती, घरात तेवढी एकच. ते गेले आणि तिच्या दोऱ्या सोडू लागले.

"अहो, लाकडं भिजतील!" चाची ओरडली. "सणाच्या तोंडावर भट्टी काय माझ्या हाडांवर पेटवणार?"

"लाकडं भिजली तर परत वाळतील," चाचा म्हणाले. "त्या चुली कच्च्या हायत, अन् आता उघड्या पडल्यात. त्या भिजल्या तर माती व्हईल."

त्यांनी ताडपत्रीची घडी केली, खांद्यावर टाकली आणि फावडं हिमानीच्या हातात दिलं. "पत्रे करपू देऊ नको. आणि कुणाला मधी घुसू देऊ नको."

"लाकडं उचला, जाऊबाई," सुलेखा म्हणाली. दोघी लाकडं कवेत घेऊन आपल्या घराच्या पडवीत नेऊ लागल्या. तिसऱ्या खेपेला दमयंती वाटेतच थांबली. चाचा गल्ली ओलांडून नदीच्या वाटेला लागले होते. दम्यामुळं थांबत होते, परत चालत होते. ताडपत्रीचं एक टोक सुटून मागं लोंबत होतं. समोर पांढरीचं टेकाड, त्याच्यावर काळं आभाळ.

सुलेखा मागून आली आणि शेजारी उभी राहिली. दोघींच्या कवेत बाभळीची लाकडं होती. चाचा वळणाआड होईपर्यंत त्या दोघी तशाच बघत उभ्या राहिल्या.