सोळाशे वॅटचा वजनदार डबा

सन २०२४, वैशाख महिना. पेरणीला वेळ होता, म्हणून पांढरकवड्यात माझ्या दुकानात शेतपंपांच्या जळक्या मोटारींची रांग होती. अशा दुकानात तांब्याचे तुकडे साठतात, तसे किस्सेही साठतात. झाडून काढले तरी कोपऱ्यात उरतातच.

मी चौथी शिकलो. चाळीस वर्षं मोटार बांधतो, म्हणजे जळकी तार काढून तांब्याची नवी भरतो. शेजारी वनिता राठोडचं दुकान. ती तांड्यावरची. घर बांधण्याआधी ते कसं दिसेल, याची फिल्म काँप्युटरवर करते. त्यासाठी मशीनमध्ये दोन ग्राफिक्स कार्डं घातली होती. पलीकडे टायरवाला सलीम.

पाना मागायला आलेला सलीम म्हणाला, "एका घराले दोन कार्डं काहून लागतात?"

वनिता म्हणाली, "चाचा, तुमी ट्रकले जोडटायर काहून लावता?"

सलीम पाना घेऊन परत गेला!

*

दोन्ही कार्डं एकदम चालली की मशीन बंद पडे.

वनिता म्हणाली, "काका, दोन्ही कार्डांचे मिळून सातशे वॅट, बाकी दोनशे. मशीनले वीज देणारा सप्लाय हजार वॅटचा हाय. तरी बंद पडून राह्यलं!"

मी म्हणालो, "मोटार सुरू होताना पाटीवरच्यापेक्षा कितीतरी जास्त ओढते. तुह्यं कार्डही झटका मारत असन."

तिनं मोबाईलवर शोधलं. "काका, बरोब्बर! सोळाशेचा घ्या म्हणते."

दोन दिवस माझी मान खाली आली नाही. सलीम म्हणाला, "भाऊ, खाली पाहून चाला. रस्त्यात जॅक ठेवला हाय!"

*

तिच्यासोबत नागपूरला गेलो. पहिल्या दुकानातला सप्लाय तिला पसंत पडला. दहा वर्षांची गॅरंटी. मी हातात घेतला. हलका.

दुसऱ्या दुकानातला चांगला जड होता. वरती सोळाशेच लिहिलेलं.

"काका, याले गॅरंटी नाही."

"तांब्याले वजन असते. मी चाळीस वर्षं तांबं तोलतो. हाच घे."

पोरगी मोठ्यांचं ऐकणारी. जड घेतला.

*

तो बसवल्यावर तिसऱ्या दिवशी फाटकन आवाज आला. सप्लाय गेला, सोबत एक कार्डही गेलं. शनिवारी मंगल कार्यालयाची फिल्म द्यायची होती. तिचं पहिलं मोठं काम. त्या दिवशी बुधवार.

मी डबा उघडला. आत तांबं जेमतेम. तळाला शिशाच्या पट्ट्या चिकटवलेल्या.

सलीमनं एक पट्टी उचलली. "भाऊ, हे तर आमचं चाक बॅलन्स करायचं वजन हाय!"

वनिता हसली नाही. तिनं जळकं कार्ड काढून खोक्यात ठेवलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

*

गुरुवारी पहिल्या बसनं एकटाच नागपूरला गेलो. तेच पहिलं दुकान. दुकानदारानं मला ओळखलं. सप्लाय पुढे सरकवून म्हणाला, "काका, हातात घेऊन पाहा."

मी हात पाठीमागे बांधले. वनिताला फोन लावला. "तू यांच्याशी बोल. सप्लाय कोणता, कार्ड कोणतं, तूच सांग. मी फक्त उचलून आणतो."

ती बोलली. मी आणलं.

दोन्ही कार्डं एकदम चालली. मशीन बंद पडलं नाही. शनिवारी दुपारी फिल्म गिऱ्हाइकाकडे गेली.

संध्याकाळी ती माझ्या दारात आली. "काका, ते नव्या कार्डाचे पैसे..."

"फिटलं," मी म्हणालो, आणि मोटार खोलायला घेतली.