गैरहजर सभासद

आमच्या मामाचं सलून आहे. गिऱ्हाईक उठून गेलं तरी मामाचं तोंड थांबत नाही. पण त्या रविवारी चर्चच्या सभेत तो मान खाली घालून बसला होता. सहा महिने उपासनेला गैरहजर, म्हणून सभासदयादीतून त्याचं नाव काढायचा विषय निघाला होता. चर्चच्या याच मंडळीत त्याचा बाप्तिस्मा झाला, लग्न झालं, मामीला शेवटचा निरोपही त्यानं इथूनच दिला. नाव गेलं असतं तर माणूस आतून मोडला असता.

"कारण सांगा," सचिवकाका म्हणाले. नियमाच्या बाबतीत काका सख्ख्या भावालाही सोडायचे नाहीत.

"मनोरुग्णालयात केस कापायला जातो. रविवारीच आत सोडतात, नऊ ते अकरा, ऐन उपासनेच्या वेळी."

"सेवा चांगली आहे हो. पण मंडळीचं मिशन मंडळीनं ठरवायचं असतं. ठराव कुठाय? आणि येशूची सुवार्ता किती जणांना सांगितलीत?"

मामानं मान आणखी खाली घातली. मला काकांचा असा संताप आला! शेवटी पाळकसाहेब मध्ये पडले. "आधी जाऊन बघू, मग ठरवू," म्हणाले.

पुढच्या रविवारी उपासना दुसऱ्यांवर सोपवून पाळकसाहेब आणि फाइल काखेत मारलेले सचिवकाका मामाबरोबर निघाले. मीही शेपटासारखी मागे.

वॉर्डात चाळीस जण रांगेत होते. वस्तऱ्याला बंदी, फक्त बोथट टोकाची कात्री. खुर्चीतल्या म्हाताऱ्याचं डोकं लटलट हलत होतं. एक धिप्पाड रुग्ण मागे येऊन उभा राहिला, दोन्ही तळव्यांत त्यानं ते डोकं अलगद धरलं आणि मामाची कात्री चालू झाली. मग दुसरं डोकं, मग तिसरं.

"याला तुम्ही शिकवलंत?" काकांनी विचारलं.

"मी?" मामाचं तोंड एकदाचं सुटलं. "अहो सचिवसाहेब, पहिल्या दिवशी मी आलो तेव्हा हा असंच डोकं धरून त्या आजोबांना भरवत होता. मी आपला तोऱ्यात आलेलो, देवाला घेऊन! आणि देव आधीच इथे कामाला लागलेला. मग काय, मीही याच्या हाताखाली लागलो. उस्ताद म्हणतो मी याला."

उस्तादनं काकांच्या वाढलेल्या केसांकडे बघितलं, काखेतली फाइल काढून बाजूला ठेवली आणि त्यांना खांद्याला धरून खुर्चीत बसवलं. काका इतके बावरले, की नाही म्हणायचंच राहून गेलं. ते तळवे डोक्याला लागले आणि काकांचे डोळे घळाघळा वाहू लागले. मग माझाही राग टिकला नाही.

पुढच्या सभेत काका बारीक केस कापलेल्या डोक्यानं उभे राहिले. "चूक माझी. देवाचं काम तिकडे जोरात चालू आहे, गैरहजर आपणच आहोत. उपासना साडेअकराला ठेवा. नऊ वाजता सगळ्यांनी वॉर्डाच्या फाटकाशी यायचं."

एकूणएक हात वर गेले. मामा लहान पोरासारखा रडला, आणि मी टाळ्या पिटल्या.

पाळकसाहेबांनी रीतसर परवानगी काढली. रविवारी फाटकाशी आम्ही बावन्न जण होतो. कुणाकडे सुईदोरा, कुणाकडे नखं कापायचं, कुणी नुसतेच रिकाम्या हातांनी. पहारेकरी हबकला.

"एवढे सगळे कोण?"

मामानं छाती फुगवली. "उस्तादच्या हाताखाली नवीन लागलेत. सोडा आत."