येसूबाईंचा नाताळ

२५ डिसेंबर १९९८. येसूबाईंनी पोलादपूरच्या आमच्या एसटीडी बूथवर दहा रुपये ठेवले. डोंगरावरच्या वाडीतून त्या दर नाताळला उतरत. मुलगा किशोर वांद्र्याच्या डिसोझाबाईंकडे स्वयंपाकी होता, आणि बाई त्या दिवशी त्याला फोनवर मोकळेपणी बोलू देत.

मी नंबर लावून दिला. बाईंचा आवाज मलाही ऐकू येत होता. "किशोर गणपतीतच काम सोडून गेला. पत्ता ठेवला नाही."

येसूबाईंनी विचारले, "सणाचा दिस हाय. तुमी जेवलाव काय, बाय?"

"एकटीसाठी काय करायचं? मुलं कॅनडात आहेत."

"मंग बोला जरा. मीपन एकटीच हाय."

पुढच्या नाताळला येसूबाई उतरल्या नाहीत. त्या दिवशीच्या फोनचे सव्वीस रुपये झाले होते; त्यातले सोळा अजून बाकी आहेत.